मरियमचं ‘तू’

“तुला भूक लागली,” माझी मुलगी बडी आपाला म्हणाली. “बस. खा.”

बडी आपाच्या, म्हणजे आमच्या सेठच्या बायकोच्या, दिवाणखान्यात मौलूद, पैगंबरांच्या जन्माचं पठण, नुकताच संपला होता. बायका गालिच्यावर दाटीनं बसल्या होत्या. मरियम माझ्या हातून निसटली, कुणाच्या गुडघ्यावरून, कुणाच्या ओढणीवरून वाट काढत थेट सांदणांच्या ताटापाशी गेली आणि आपाच्या तोंडासमोर उभं राहून हे बोलली. स्वच्छ. मोठ्यानं. आपाकडं न बघता, ताटाकडं बघून. सात वर्षांची होती तेव्हा.

“कुणाला भूक लागली? मला?” आपानं विचारलं. मग सगळ्यांकडं बघून म्हणाली, “दालदिणीची पोर मला भुकेली म्हणते. मला माझ्याच घरात ‘बस’ म्हणते.”

मागं कुणीतरी हसलं. ते हसणं आपाला जास्त झोंबलं. तिनं मरियमचं मनगट धरलं आणि तिला ओढत दारापर्यंत नेलं. तिथं सगळ्यांच्या चपला पडल्या होत्या. तिनं एक सांदण मागवलं आणि चपलांच्या मध्ये जमिनीवर टाकलं.

“घे. कुणाला भूक लागलीय ते बघू दे सगळ्यांना. खा.”

मरियमनं खाल्लं नाही. ती तिच्या निळ्या कडेच्या ताटलीशिवाय कुठंच काही खात नसे. पण मनगट धरल्यापासून तिचा श्वास बदलला होता, तो मला लांबून ऐकू येत होता. मग ती किंचाळली आणि स्वतःचा हात चावायला लागली. मी धावले. तिला मांडीत घेतलं, ओढणीत घट्ट गुंडाळलं आणि दाबून धरलं. तिला असं घट्ट धरलं की तिचं बिथरणं हळूहळू उतरायचं. बायका चपला उचलून बाजूला करत होत्या. मुलीसाठी नाही, चपलांसाठी.

ती सांदणं मी पहाटेपासून वाफवली होती. माझ्या हातची सांदणं त्या घरात चालायची, माझं बसणं चालायचं नाही. मौलूदला माझी जागा त्या चपलांपाशीच असायची. आम्ही दालदी, रत्नागिरीच्या खाडीवर मासे मारणारे. बडी आपाचं घराणं त्याच खाडीवरच्या खोतांचं. नमाज एक, बोली एक, पण सोयरीक नाही आणि शेजारी बसणं नाही. समुद्र ओलांडून दुबईला आलो तरी चपलांची जागा तेवढी आमच्यासोबत आली.

“बांधून का नाय ठेवत गो हिला?” आपा म्हणाली. “जिन हाय हिच्या अंगात. आमच्या पोरांबरोबर ही आता वर्गात बसायची नाय.”

मी ओढणीची मोकळी बाजू पसरली. खरंच पसरली. “आपा, वर्ग नका बंद करू तिचा.”

“मग पुढच्या जुम्मेरातीला आण हिला. ह्याच बायकांसमोर. तू नको बोलू, तिला बोलू दे. ‘मी चुकले’ म्हणू दे स्वतःच्या तोंडानं. मग बघू.”

“जी आपा,” मी म्हटलं.

मरियम काय बोलली होती ते त्या दिवाणखान्यात मला एकटीलाच कळलं होतं. तिला भूक लागली होती. तिला, आपाला नाही. पण मरियमच्या बोलण्यात ‘मी’ नव्हता.

हे कसं झालं ते सांगते. लहानपणापासून मी तिला विचारायची, “तुला भूक लागली? बस. खा.” हे शब्द झाले की ताटली समोर यायची. तिनं ते शब्द जसेच्या तसे उचलले. भूक लागली की म्हणायची, “तुला भूक लागली.” तहान लागली की, “तुला पाणी पाहिजे.” पडली, गुडघा फुटला, तर रडत माझ्याकडं यायची आणि म्हणायची, “तुला लागलं. तुला लागलं गो.” लोक तिला ‘तू’ म्हणतात, म्हणजे तिचं नाव ‘तू’. तिच्या बाजूनं बघितलं तर हिशेब चोख होता. चूक दाखवणार तरी कशी?

आता त्याला नाव आहे. ऑटिझम म्हणतात, पुस्तकात स्वमग्नता लिहितात. मला ते नाव कळलं तेव्हा माझे केस पांढरे झाले होते. ही गोष्ट साठच्या दशकातली. तेव्हा मुलीच्या ह्या असण्याला नाव नव्हतं, आम्ही राहत होतो त्या देशालाही आजचं नाव नव्हतं. बर दुबईत खाडीकाठी खजुरीच्या झावळ्यांच्या झोपड्या होत्या, त्यातली एक आमची. जरा आत सेठचं घर होतं, वारा खाली ओढून घेणाऱ्या मनोऱ्याचं, गच्चीचं. मरियमचे अब्बा सेठच्या बार्जवर होते. मुंबईची बोट बाहेर समुद्रात उभी राहायची आणि माल बार्जवर उतरवून खाडीत आणायचे. मी सेठच्या स्वयंपाकघरात. म्हणजे आमच्या घरातला प्रत्येक घास त्या एका घरातून यायचा.

जिन काढायचे उपाय सगळे झाले होते. तावीज झाले, दुआ पढलेलं पाणी झालं. एका मौलवींनी तोंडावर फुंकर मारली तर मरियमनं त्यांच्या तोंडावर फुंकर मारली. सगळ्या बायका ‘तौबा तौबा’ करत होत्या. मला हसू आलं होतं, ते मी ओढणीत लपवलं.

उपायांनी काही झालं नाही. मग मी बघायला लागले. मुलगी कशानं बिथरते आणि कशानं शांत होते, एवढंच बघायचं. सेठच्या घरचा जनरेटर सुरू झाला की तिचे हात कानांवर जायचे, म्हणून त्या वेळी तिला खाडीकाठी न्यायची. अचानक उचललं की किंचाळायची, म्हणून मी आधी हातात वस्तू द्यायला लागले. तांब्या दिला की अंघोळ. ओढणी दिली की बाहेर जायचं. पाटी दिली की वर्ग. पुढं काय येणार हे हातात धरायला मिळालं की ती चालायला लागायची, अगदी शहाण्यासारखी. हे मला कुणी शिकवलं नाही. आणि मी कुणाला सांगितलंही नाही. मला विचारणार कोण होतं?

वर्ग म्हणजे सेठच्या गोदामामागची एक खोली. तिथं आमच्याकडचे एक मास्तर कोकणी पोरांना उर्दू, इंग्रजी आणि बेरीज-वजाबाकी शिकवायचे. मरियम दोन महिन्यांपासून तिथं बसत होती. पहिल्या दिवशी मी दाराबाहेर जीव मुठीत धरून उभी होते. मास्तरांनी पितळी घंटा वाजवली आणि म्हणाले, “गुड मॉर्निंग, चिल्ड्रन.” पोरं म्हणाली, “गुड मॉर्निंग, सर.” मरियमही म्हणाली, सगळ्यांच्या बरोबर. मग मास्तर म्हणाले, “अलिफ.” सगळे म्हणाले, “अलिफ.” मरियम म्हणाली, “अलिफ.”

मी भिंतीला टेकून रडले. घरी तिनं माझं बोलणं परत म्हटलं की लोक म्हणायचे, पोपट आहे, वेडी आहे. इथं सगळेच पोपट होते! मास्तर म्हणतील ते जसंच्या तसं परत म्हणायचं, त्यालाच शिक्षण म्हणत होते. त्या खोलीत माझी मुलगी वेगळी नव्हती. रोज तीच घंटा, तोच क्रम, तीच जागा. तिचं हात चावणं कमी झालं. मनगटावरचे वळ भरून येत होते. पाटीवर तिनं अलिफ काढली, एकच उभी रेघ, सरळ, पट्टीनं ओढल्यासारखी.

आणि हीच खोली आता आपाच्या मुठीत होती.

त्या रात्री अब्बा बार्जवरून आले तेव्हा त्यांना सगळं कळलेलं होतं. बोलायला लागले तेव्हा आवाज अगदी मऊ होता. त्याचीच मला भीती वाटली.

“वर्ग नाय तर इथं काय करायचं हिचं? तू दिवसभर सेठकडं. बोट सुटतेय. गावाला आईकडं ठेवू.”

“तिथं काय करतील?”

 काय करतील ते मला माहीत होतं. आमच्या गावात एक मुलगी होती, माझ्या लहानपणी. अशीच. तिला मांगरात बांधून ठेवायचे, गुरांच्या शेजारी, कमरेला दोर बांधून. आम्ही पोरं फटीतून बघायचो. ती झुलत असायची, पुढं-मागं, पुढं-मागं. एक दिवस मांगरात फक्त गुरं होती. कुणी काही सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

“माफी मागेल ती,” मी म्हटलं. “मी शिकवते.”

शिकवायला बसले. निळी ताटली बाजूला ठेवली, मरियमला समोर बसवलं. माझ्या छातीवर हात ठेवला आणि म्हटलं, “मी.” तिनं हात उचलला. माझ्याच छातीवर ठेवला. म्हणाली, “मी.”

“माझ्यावर नाय गो. तुझ्यावर.” मी तिचा हात उचलून तिच्या छातीवर ठेवला. “मी. म्हण, मी.”

तिनं स्वतःच्या छातीकडं बघितलं. “तू,” ती म्हणाली. मग माझ्या छातीवर बोट टेकवलं. “मी.”

कितीदा केलं, आठवत नाही. प्रत्येक वेळी तेच. माझं नाव ‘मी’, तिचं नाव ‘तू’. तिला वाटत होतं खेळ चाललाय आणि खेळात अम्माच चुकतेय. शेवटी मी चिडले. तिनं तांब्या कलंडला तेव्हा ओरडले, “मरियम! तू चुकलीस!” ती दचकली. माझ्याकडं बघितलं, म्हणजे माझ्या हनुवटीकडं बघितलं, डोळ्यांत ती बघायची नाही. आणि ओठ हलवत पुटपुटली, “तू चुकलीस.” तांब्या उचलून सरळ ठेवला. फडक्यानं पाणी पुसलं. पुन्हा म्हणाली, “तू चुकलीस.”

मी बघत राहिले. माझी मुलगी माफी मागत होती. नीट, मनापासून, पाणी पुसून. जगातल्या कुणालाही ती माफी वाटली नसती.

जुम्मेरात आली, गुरुवार. जाताना मी ओढणी तिच्या हातात दिली. पाटी दिली नाही, तर ती दारातच अडली. पाटीच हवी होती तिला. वर्ग. मी पाटीही दिली. आपाच्या दारात तिनं चपला काढल्या आणि भिंतीला लावून जोडीनं ठेवल्या. आपल्या ठेवल्या, मग दुसऱ्यांच्याही सरळ करायला लागली. तिला वाकडं काही पडलेलं बघवायचं नाही.

“बघा,” आपा आतून म्हणाली, “आपली जागा ओळखली पोरीनं.”

सगळ्या हसल्या. मी पण हसले असेन. त्या घरात हसायचं असतं तेव्हा हसायची सवय होती मला.

आपा मधोमध बसली होती, लोडाला टेकून. मरियमला तिच्यासमोर उभं केलं. मरियमनं पाटी छातीशी धरली होती. कपाळावर घाम होता. एवढ्या बायका, एवढे आवाज, एवढं अत्तर. ती टाचा वर-खाली करायला लागली होती. मला कळत होतं, वेळ थोडा आहे. मी तिच्या कानाशी वाकले.

“मरियम, म्हण. मी चुकले.”

तिनं माझ्याकडं तोंड वळवलं. तिच्या कपाळावर आठी पडली. ‘मी’ म्हणजे अम्मा. अम्मानं काय केलं? अम्मा तर चुकली नव्हती.

“बोल गो,” आपा म्हणाली. “पोपटासारखी बोलतेस ना एरवी?”

मरियमनं पाटी खाली ठेवली. आपाच्या गालिच्याची कड दुमडली होती, ती हातानं सरळ केली. मग उभी राहिली आणि म्हणाली, “तू चुकलीस.”

आपानं कान पुढं केला.

“काय म्हणाली?”

“तू चुकलीस,” मरियम म्हणाली. मोठ्यानं. स्पष्ट. एकेक अक्षर. “तू चुकलीस. तू चुकलीस.”

आपा लोडावरून उठली. तिचा हात वर गेलेला मी बघितला. मी मध्ये गेले. तो हात माझ्या कानावर बसला. कानात शिट्टी वाजायला लागली. त्या शिट्टीतून आपाचा आवाज येत होता, “हे शिकवलंस? हे शिकवून आणलंस घरून?”

मी सांगू शकले असते. गुडघ्यावर बसून सांगायचं होतं फक्त. आपा, तिच्या बोलीत हीच माफी आहे. तिला ‘मी’ येत नाही. ती चुकले म्हणतेय, मनापासून म्हणतेय, अल्लाची शपथ. आपा कदाचित हसली असती. बायका हसल्या असत्या. “वेडी बिचारी,” म्हणाल्या असत्या, आणि वर्गात एक कोपरा मिळाला असता. हे सगळं माझ्या जिभेवर आलं होतं.

आणि मला मांगराची फट दिसली. तिथं उभं राहून बघणारी मी दिसले.

माफी कसली? भूक लागली म्हणून? ह्या पोरीनं काय केलं होतं? जमिनीवर सांदण कुणी टाकलं होतं? माझ्या आईनं आपाच्या आईसमोर अशीच ओढणी पसरली होती, मी पाहिलं होतं. मी मरियमसमोर पसरली. आता मरियमला पसरायला शिकवत होते. ती शिकत नव्हती. तिला येतच नव्हतं. मला एकदम तिचा अभिमान वाटला, आणि स्वतःची चीड आली.

मी सरळ उभी राहिले. आयुष्यात त्या बाईला मी कधी ‘तू’ म्हटलं नव्हतं. तिच्या पाळण्यातल्या नातवालाही ‘तुम्ही’ म्हणायची. मी मुलीचेच शब्द उचलले. तिचे शब्द, माझा अर्थ.

“आपा,” मी म्हटलं, “तू चुकलीस.”

पाटी उचलली. मरियमला कडेवर घेतलं, मोठी झाली होती तरी घेतलं. चपलांपाशी थांबले नाही. अनवाणी बाहेर पडलो. मागून आपा ओरडत होती, “खलास! कामावरून खलास! वर्गातून खलास! तुझा नवरा पण!” वाळू तापली होती. पाय भाजत होते. मला रडू आलं नाही. मरियम माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हळू आवाजात म्हणाली, “तुला घरी जायचंय.”

“हो,” मी म्हटलं. “तुला घरी जायचंय. चल.”

त्या दिवसापासून मी तिच्याशी तिच्याच बोलीत बोलते.

जुम्म्याची सुट्टी झाली आणि शनिवारी अब्बांची बार्ज त्यांना न घेताच गेली. ते दारात बसून राहिले.  मग म्हणाले, “एकानं तिकडं उम्म अल कुवैन बंदरात मासे पकडायच्या होडीवर काम हाय म्हणून सांगितलंय.”

“मग जा,” मी म्हटलं. “आम्ही दालदीच आहोत. मासे मारून जगू.”

“आणि बोट? हिला गावाला?”

“हिच्या कमरेला दोर बांधायचा असेल तर आधी माझ्या बांधा.”

 त्यांनी बोटीचं नाव पुन्हा काढलं नाही.

त्या सकाळी मी मरियमच्या हातात पाटी दिली. ती ताडकन उठली. गोदामामागं गेलो तर मास्तर दारातच उभे होते, वाट अडवून. चांगला माणूस. नजर खाली.

“बाई, खोली सेठची आहे,” ते म्हणाले. “मी काय करू?”

“खोली सेठची,” मी म्हटलं. “पायरी गल्लीची आहे.”

मी पायरीवर बसले. मरियम माझ्याशेजारी बसली, मांडीवर पाटी घेऊन. मास्तर उभे राहिले, मग आत गेले. दार लावून घेतलं. आतून घंटा वाजली. “गुड मॉर्निंग, चिल्ड्रन.”

“गुड मॉर्निंग, सर,” मरियम बंद दाराला म्हणाली.

“अलिफ.”

“अलिफ.” तिनं पाटीवर रेघ ओढली. सरळ.

सेठचा माणूस आला. “यल्ला, यल्ला, उठो यहाँ से,” म्हणाला. मी उठले नाही. मरियम त्याच्या वाळूनं भरलेल्या चपलांकडं बघत म्हणाली, “तुला बसायचंय.” तो चक्रावला. “मेरे को? मैं क्यूँ बैठूँ?”

“तू म्हणजे मरियम,” मी त्याला सांगितलं. “मरियमला बसायचंय. इथं. ध्यान में रखो, उद्या परत विचारायला येशील तेव्हा.”

तो मला शिव्या घालत गेला. दार उघडलं नाही. दुपारी पोरं बाहेर पडली आणि आम्हाला ओलांडून गेली. आपाचा थोरला नातू ओलांडताना मरियमच्या पाटीवर पाय देऊन गेला. तिनं पाय देऊ दिला, मग पाटी पुसली आणि अलिफ पुन्हा काढली.

मी तिथं बसूनच ठरवलं. मुलीला ‘मी’ शिकवायचं बंद. ज्यांना ‘मी’ भरपूर येतो त्यांनी आता तिचं ‘तू’ शिकायचं. मास्तरांनी, सेठच्या माणसानं, त्या पोरानं, सगळ्यांनी. शिकायला किती दिवस लागतात ते त्यांचं त्यांनी बघावं. आम्ही पायरीवर आहोत. तिला कुणी बांधणार नाही, ती कुठल्या बोटीत चढणार नाही आणि भूक लागली म्हणून कुणाची माफी मागणार नाही.

घरी आल्यावर पाटी धुतली. उंबऱ्याशी उभी करून ठेवली, सकाळी पहिली हाताला लागेल अशी.